जनेलाकडे वळवलेला स्क्रीन

गोकुळदास शेट्ये हा माणूस मागाल ते द्यायचा. छत्री मागा, देईल. मोटरसायकल मागा, आत पेट्रोल आहे की नाही ते हलवून बघून मग चावी देईल. डब्यातलं सुंगटाचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण, तर मागायचीही गरज नसायची, ते आपणहून तुमच्या ताटात यायचं. पण सर्व्हरच्या देखरेखीचा पासवर्ड? अहो, नुसतं नाव काढलं तरी त्याचा चेहरा असा व्हायचा की कुणी त्याच्या देवघरात चपला घालून शिरलंय.

"बाय, सगळें माग," तो शीतलला म्हणायचा, "पासवर्ड तेवडो मागूं नाका."

शीतल गवस तेव्हा नवी होती. गाव दोडामार्ग, शिक्षण कोल्हापूरला, नोकरी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत. कुठली गोळी कधी बनली, कुठल्या खोक्यात भरली, कुठल्या गाडीने कुठे गेली, याची सगळी नोंद ज्या डेटाबेसमध्ये राहायची तो सांभाळणं हे तिचं काम. आणि तो डेटाबेस ज्या सर्व्हरवर राहायचा तो सांभाळणं हे गोकुळदासचं. घरमालक आणि भाडेकरू म्हणा हवं तर. छप्पर गळलं तर भिजणार भाडेकरूचे कपडे, पण वर चढून बघायची शिडी मालकाच्या खोलीत कुलूपबंद.

ही शिडी म्हणजे देखरेखीचा स्क्रीन. सर्व्हरमध्ये जागा किती उरली, त्याला धाप लागलीय का, कुठे काय तुंबलंय, हे सगळं त्यावर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या दिव्यांनी दिसायचं. पिवळा दिवा वेळेवर दिसला तर शीतल जुन्या फायली हलवून जागा करू शकायची. नाही दिसला तर डेटाबेस धाडकन बंद पडायचा, आणि सगळा कारखाना तिच्या नावाने शंख करायचा. सर्व्हरच्या नावाने कुणी ओरडत नाही हो. डोळ्यांसमोर जे बंद पडतं त्याच्याच नावाने ओरडतात.

तिने रीतसर मागणी केली. गोकुळदासने रीतसर नकार दिला. सुरक्षेचा नियम आहे, ऑडिटवाले विचारतील, सर्व्हरचं सर्व्हरवाल्याने बघायचं. ती दिवसभर फुगून बसली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो काय, दोघांच्या खोल्यांमधल्या भिंतीत जे मोठं काचेचं जनेल होतं, खिडकी हो, त्याच्या पलीकडे गोकुळदासचा स्क्रीन टेबलावर आडवा फिरवून थेट त्या जनेलाकडे तोंड करून ठेवलेला! स्वतः गोकुळदास मान वाकडी करून बाजूने त्यात बघत होता.

"तुका दिसता मगे थंयसून?" त्याने दारातून डोकावून विचारलं.

"दिसता," शीतल म्हणाली. तिला हसू आवरेना.

"हांव दाखयना हां. स्क्रीन तेवटेन वळला, ताका हांव कितें करूं?"

तो दाखवत नव्हता, स्क्रीनच तिकडे वळला होता; असं ते जमलं. कागदावर काही नाही, कुणाची सही नाही. पिवळा दिवा लागला की शीतल आपल्या खुर्चीतून उठायची, गोकुळदास पलीकडून बोट वर करायचा, म्हणजे मलाही दिसलंय. श्रावणात तो घरून हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणायचा आणि जनेलाच्या कठड्यावर ठेवायचा. मान वाकडी करून बघून बघून त्याची मान दुखायची, मग कँटीनमधली चंद्रावती त्याला चिडवायची, "शेट्येबाब, लग्नाला उभा राहिलास काय रे परत? सारखा त्या जनेलाकडेच तोंड!" चंद्रावतीच्या तोंडाला तसा काही धरबंध नव्हताच. गोकुळदास तिच्या वडिलांसारखा आहे हे शीतललाही ठाऊक होतं आणि चंद्रावतीलाही.

आणखीही एक गोष्ट शीतलला ठाऊक होती. गोकुळदास मुळगावचा. खाणी बंद झाल्या तेव्हापासून त्याच्या भावाचा खनिज वाहणारा टिप्पर दारात निळ्या ताडपत्रीखाली उभा होता, टायरांना गवत लागलं होतं, आणि भावाचं आणि त्याचं असं दोन्ही बिऱ्हाडांचं जेवण गोकुळदासच्या पगारावर शिजत होतं. हे त्याने कधी रडून सांगितलं नाही. बोलता बोलता बोलून गेला होता, आणि डिचोलीत तेव्हा कुणाच्या दारात असा बंद ट्रक उभा नव्हता? त्यामुळे शीतलने ऐकलं आणि सोडून दिलं. ठाऊक असणं वेगळं आणि योग्य वेळी ध्यानात येणं वेगळं. तिचं चुकलं ते इथेच.

पुढे गणपतीची चवथ आली. आपल्याकडे चवथीला कारखाना सुरू ठेवून दाखवा बघू! कुणी येतच नाही. शीतल दोडामार्गाला गेली, गोकुळदास मुळगावच्या मूळ घरात. तो घराण्यातला थोरला, पूजा त्याच्या हातची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोवळं नेसून उत्तरपूजेला बसला, आणि फोन खिशात ठेवलेला सदरा बाहेरच्या खोलीत खुंटीला. सर्व्हरची डिस्क भरत आली होती. इशारा देत फोन खिशातल्या खिशात कुरकुर करत राहिला. घरातल्या पोरांनी ऐकलं असेलही, पण आत आरती चाललेली, आणि सोवळ्यातल्या माणसाला फोन नेऊन कोण देणार?

डिस्क भरली, डेटाबेस बंद पडला. गोव्यात सुट्टी, पण इंदूरच्या गोदामात काम चालू होतं. तिथे गाड्या लागलेल्या, माल उतरवता येईना, कारण कुठलं खोकं कुठलं ते सांगणारा डेटाबेसच झोपलेला. आयटीचे प्रमुख महेश सर फोनवर शीतलला असे बोलले की तिच्या हातातला मोदक हातातच राहिला. आजूबाजूला सगळे पाहुणे, आणि ही परसात उभी राहून "हो सर, हो सर" करतेय. शेवटी जेवण टाकून ती बसने डिचोलीला आली आणि डेटाबेस उठवला. रडली ती येताना बसमध्ये, कामावर नाही.

सुट्टी संपल्यावर बैठक झाली. महेश सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "डेटाबेस कुणाचा? तुमचा. मग बंद कुणामुळे पडला?"

शीतलने गोकुळदासकडे बघितलं. तो म्हणाला, "सर, हांव सोवळ्यात आशिल्लों." एवढंच म्हणून खाली बघत बसला. डिस्कचा इशारा माझ्या फोनवर आला होता, हिचा काही दोष नाही, असं एक वाक्य त्याने बोलायला हवं होतं. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

बाहेर आल्यावर तिचा तोल गेला. एरवी ती त्याच्याशी घरच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी खणखणीत ऑफिसच्या मराठीत बोलली. "तुमचं जनेल मला दोडामार्गाहून दिसत नाही, शेट्ये! मला माझ्या नावाने अ‍ॅक्सेस हवाय. उपकार नकोत."

"बाय, पासवर्ड दोघांकडे गेला की..." तो अडखळला. मग पुन्हा तेच. सुरक्षा. ऑडिट. नियम.

"नियम काय, तुम्हाला मिरवायचंय! चावी कमरेला लावून फिरायचंय!"

सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल येऊन आपल्या खुर्चीत बसली. जनेलापलीकडे स्क्रीनची काळी पाठ दिसत होती. त्याने तो स्वतःकडे फिरवून घेतला होता.

आता हट्टाला पेटायला आणखी काय लागतं? कारखान्यात दोन तट पडले. गोव्यातले बरेचसे गोकुळदासच्या बाजूने, बेळगाव-कोल्हापूरकडचे पॅकिंगवाले शीतलच्या बाजूने, आणि कुणालाच धड कळत नव्हतं की भांडण कशाबद्दल आहे. चंद्रावती तेवढी दोघांनाही शिव्या घालायची. "मोठी माणसं आणि पोरांसारखी कट्टी!" शीतल ऐकायची नाही. तिने मुख्य कार्यालयाला मेल लिहिला. मुद्देसूद लिहिला, पोरगी हुशारच. डेटाबेस सांभाळणाऱ्याला सर्व्हर बघता आला पाहिजे, हे तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आजही खरं आहे. पण मेलच्या शेवटी, चवथीचा राग पोटात ठेवून, तिने एक वाक्य घातलं: सध्याची पद्धत एका माणसावर अवलंबून आहे, आणि तो माणूस गरजेच्या वेळी उपलब्ध नसतो.

ते वाक्य लिहिताना तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, चांगलं गारेगार वाटलं.

मागणी मंजूर झाली. तिच्या नावाने अ‍ॅक्सेस आला, फोनवरसुद्धा आला. गोकुळदासने स्वतः येऊन तिच्या फोनवर तो चालू करून दिला. "जालें, बाय," म्हणाला, आणि गेला. शीतलला वाटलं, बसला असेल अहंकाराला धक्का, होईल बरा. ती कामाला लागली. तिने इशारे नीट लावले, आगाऊ सूचना लावल्या, इतकं चोख की डेटाबेस बंद पडायचं नावच घेईना. महेश सर खूश. "हे आधीच का नाही केलं?" असं चारचौघांत म्हणाले. गोकुळदास तिथेच होता.

ती दिवाळी गेली, शिगमा गेला. मग एक दिवस महेश सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की सर्व्हर आता पुण्याच्या भाड्याच्या जागेत हलवायचे. इथली खोली रिकामी होईल. बघायला शीतल आहेच, सगळं फोनवर दिसतं. मग ते कौतुकाच्या सुरात म्हणाले, "खरं तर शीतलनेच आपले डोळे उघडले," आणि तिच्या मेलमधलं ते शेवटचं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं. अक्षरन् अक्षर.

गोकुळदासने मान वर करून तिच्याकडे बघितलं. राग असता तर तिला परवडलं असतं. त्याच्या नजरेत राग नव्हताच. असं काहीतरी कधीतरी होणार हे ठाऊक असलेला माणूस जसा बघतो, तसं तो बघत होता.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला! सुरक्षा नाही, ऑडिट नाही, मिरवणं तर नाहीच नाही. त्या खोलीतला तो एक स्क्रीन बघणारा माणूस, एवढीच गोकुळदासची कारखान्यातली जागा होती. नवी यंत्रं त्याला येत नव्हती, शिकायचं वय सरत आलं होतं. स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसायला लागला की आपली गरज संपली, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. आणि तरीसुद्धा, देवा, तरीसुद्धा त्याने तो तिच्याकडे वळवला होता.

ती महेश सरांकडे गेली. "सर, मला तसं म्हणायचं नव्हतं. शेट्येंना काढू नका. त्यांच्या घरी..."

"शीतल, तुम्हीच लिहिलंय."

"रागात लिहिलं, सर."

"पण खरं लिहिलंय ना?"

तिच्याकडे उत्तर होतं. खरं असून ते अर्धंच होतं, उरलेले वर्षाचे सगळे दिवस तो माणूस जागचा हलला नव्हता, हे सांगता आलं असतं. सरांनी तेवढ्यात तिच्या बढतीचा विषय काढला, आणि उत्तर तिने गिळलं. याला काय म्हणायचं? नाव तुम्हीच द्या. तिने स्वतःला जी नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

गोकुळदास कंपनी सोडून गेला त्या दिवशी ती रजेवर होती. मुद्दाम. सोमवारी आली तेव्हा जनेलापलीकडे रिकामं टेबल होतं, आणि कठड्यावर केळीच्या पानात बांधलेल्या काजूच्या ओल्या बिया. चंद्रावती म्हणाली, "तुझ्यासाठी ठेवून गेला. विचारत होता, बाय कशी नाही आली." शीतलने त्या बिया घरी नेल्या. आईने उसळ केली. शीतलने ती ताटात तशीच ठेवली.

पुढच्या पावसाळ्यानंतर चंद्रावतीकडूनच कळलं की शेट्येबाब मांद्र्याला आहे, समुद्राकडच्या एका गेस्टहाउसात. एका रविवारी शीतलने डिचोलीहून म्हापशाची बस धरली, म्हापशाला बेकरीतल्या पोळ्यांची, म्हणजे गव्हाच्या पावांची, पिशवी घेतली कारण रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि शिवोलीवरून मांद्र्याला उतरली. गेस्टहाउसच्या फाटकाशी ती पोचली आणि पाय अडले. काय बोलायचं ते येताना सगळं पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. ती पुढे व्हायची, मागे व्हायची. दोनदा तर परत निघालीसुद्धा.

शेवटी आत गेली. छोटंसं काउंटर, मागे टॉवेलांची चळत, आणि खुर्चीत गोकुळदास. केस पार पिकले होते. समोर एक स्क्रीन होता, त्यात फाटक, अंगण, मागची वाट अशी कॅमेऱ्यांची चौकटी चित्रं.

"बराच वेळ उबी आशिल्ली गे फाटकार," तो म्हणाला. "हांव पळयतालों. म्हटलें, येता काय परत वता."

शीतलला रडू फुटलं. काउंटरवर पोळ्यांची पिशवी ठेवून ती तिथेच उभी राहून रडली. गोकुळदासने घाईघाईने चळतीतला एक टॉवेल काढून दिला, मग तो पाहुण्यांचा आहे हे आठवून परत घेतला आणि आपला रुमाल दिला.

"भाऊ कसो आसा?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ट्रक विकलो. भंगारात. आतां होमगार्डाक अर्ज केला ताणें. बघू."

"गोकुळदासबाब, एकदा तरी सांगायचां होतां मा माका."

"कितें सांगूं, बाय?" आवाज चढला त्याचा, पहिल्यांदाच. "ह्या एका स्क्रीनाशिवाय म्हजेकडे कांयच ना, अशें सांगूं? तुका? म्हज्या चेडवाच्या वयाची तूं!" मग लगेच ओशाळला. "तुजें बरोबर आशिल्लें. मागिल्लें तें बरोबर. हांवूय त्या दिसा मीटिंगांत ओगी रावलों. म्हजेंय चुकलें."

"माझां जास्त चुकलां," शीतल म्हणाली. तो नाही म्हणाला नाही. तिला त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

त्याने चहा मागवला. चहा पिता पिता तिच्या फोनने कुरकुर केली. सर्व्हरचा इशारा. स्क्रीनवर पिवळा दिवा. गोकुळदासचा हात आपोआप पुढे आला, "खंयचो दिवो गे?" म्हणत, आणि अर्ध्यावर थांबला. त्याने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला.

"नाका. दाखोवं नाका. म्हजो आतां कितें अधिकार?"

शीतलने फोन उचलला. साखरेच्या डब्याला टेकवून काउंटरवर उभा केला, तोंड त्याच्या खुर्चीकडे करून. "मी काय दाखवत नाय हां," ती म्हणाली. "तो तेवटेन वळलो, त्येका मी काय करू? दिसता मा तुमका थंयसून?"

गोकुळदास हसल्यासारखा झाला. त्याने फोनकडे बघितलं नाही. फाटकाच्या चित्राकडे बघत राहिला. तेवढ्यात आतून कुणीतरी पाहुणी हाक मारत आली, टॉवेल ओले झालेत, दुसरे हवेत. तो लगबगीने उठला, "येस मॅडम, येस मॅडम" म्हणत चळत काखेत मारून तिच्यामागे निघून गेला.

शीतल थांबली. जिन्यावर त्याची पावलं वर गेली आणि लवकर काही खाली आली नाहीत. चहा निवला. साखरेच्या डब्याला टेकलेला फोन रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, आणि त्यावरचा पिवळा दिवा आता तांबडा झाला होता. तिने हात लांब करून फोन आपल्याकडे वळवला, कारण तो बघायला तिच्याशिवाय आता कुणी नव्हतं.